सगळे उभे राहतात

४ फेब्रुवारी

आजही उभे राहिले. सगळेच्या सगळे! शेवटच्या बाकावरचा तो हाडकुळासुद्धा, ज्याला एरवी बसल्या जागी डुलक्या येतात. शेजारच्या वर्गात इतिहासवाला शिरतो तेव्हा कुणी मान वर करून बघत नाही. खिदळणं चालू, मोबाइल चालू. तो बिचारा स्वतःच फळा पुसतो, स्वतःच खोकतो आणि स्वतःशीच शिकवायला लागतो. मी मात्र नुसतं दारात पाऊल टाकायचा अवकाश, बाकं खडखडलीच!

म्हणून मी हुरळून जात नाही. मेंढरं आहेत ती. एक उठलं की बाकीची उठतात. आदर म्हणजे काय, असं विचारलं तर पहिल्या बाकावरची चष्मेवाली ताडकन म्हणाली, "ज्येष्ठांपुढे लहान होता होता मोठं होणं." माझंच वाक्य. शब्द न् शब्द! मागच्या सत्राच्या उत्तरपत्रिका विद्यापीठातून तपासून आल्या, त्या वरवर चाळल्या, तर त्यांतही जिथंतिथं हेच. घोकतात झालं. कळतंय कुणाला? कपाळ! पण निकाल बघा — सगळ्या कॉलेजात माझ्या पेपराचा निकाल वर. अशा दगडांतून असा निकाल काढायचा म्हणजे शिकवणारा कोण आहे ते बघायला हवं. ते कोणी बघत नाही.

६ फेब्रुवारी

विभागात कायम जागा सुटली. एकच. उमेदवार दोन, दोघंही माझ्याच विभागातले, दोघंही वर्षानुवर्षं तात्पुरते; एक कायम झाला की दुसऱ्याला जावं लागणार. प्राचार्यांनी बोलावून घेतलं. मी गेलो तर हा खुर्चीतून उठून उभा! माझाच विद्यार्थी. प्राचार्य झाला तरी मी आलो की उठतो. म्हणाला, "सर, विभागप्रमुख तुम्ही. समिती नावाला. तुमचं मत शेवटचं." तेवढी तरी अक्कल आहे म्हणायची.

आता निवड कुणात करायची ते बघा. एकीकडे होयबा. मी म्हटलं उकडतंय, की हा पंखा लावणार. मी म्हटलं गार वाटतंय, की "मीही तेच म्हणणार होतो, सर." कणा नाही, पण उपद्रवही नाही. दुसरीकडे ती. तिला मी मनातल्या मनात पश्चिमा म्हणतो. पश्चिमेचं तत्त्वज्ञान शिकवते आणि वागतेही तशीच. बोलताना सरळ डोळ्यांत बघते. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत हिचं "पण सर" सुरू. लोक पुस्तकं वाचतात आणि विसरतात. हिच्या अंगात शिरली आहेत.

आज दुपारी दारात उभी. "सर, या वर्षापासून बदललेला अभ्यासक्रम. मागं एक प्रत दिली होती तुम्हाला. सापडत नसेल म्हणून ही दुसरी आणली. एकदा बघाल का? तुमच्या पेपरात बरंच बदललंय."

ठेवा तिकडे, म्हटलं. अभ्यासक्रम म्हणे! चार रिकामटेकडे एका खोलीत बसणार, चहा ढोसणार आणि जुन्याच्या जागी नवं छापणार. हजारो वर्षांचा विचार काय दर जूनमध्ये बदलतो? जाडजूड आहे पण. पाण्याचा ग्लास ठेवायला बरा, टेबलावर डाग पडत नाही.

७ फेब्रुवारी

पंख्याचा आवाज. खडूची धूळ. मूर्खांची संगत. तक्रार नाही, नोंद करून ठेवतो आहे.

९ फेब्रुवारी

घरी जेवताना हिला सांगत होतो — आमच्या कॉलेजात आता दोनच जातीची माणसं उरली आहेत, एक लाळघोटी आणि दुसरी उद्धट. ही भाकरी वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "अहो, तुमच्यासमोर कुणी खरं बोलतं का हो?"

म्हटलं, तू बोलतेस की.

"मी? मीसुद्धा निम्मंच बोलते." आणि हसली. विनोद असावा. चाळीस एक वर्षं संसार झाला की बायकांना कशावरही हसू येतं.

१२ फेब्रुवारी

परिसंवाद. विषय: आदर, पूर्वेचा आणि पश्चिमेचा. प्राचार्याची हौस. पूर्व मी मांडायची, पश्चिम तिनं. सभागृह भरलेलं. अर्थात मी आहे म्हटल्यावर भरणारच.

मी काय सांगितलं ते इथं पुन्हा लिहून ठेवतो, कारण तिथं कुणाच्या डोक्यात शिरलं असेल असं वाटत नाही. पूर्वेत माणूस एकटा जन्मत नाही. तो आधी कुणाचा तरी मुलगा असतो, कुणाचा धाकटा भाऊ, कुणाचा शिष्य. त्या त्या नात्यात जे देणं लागतो ते देत देत तो माणूस होतो. आपल्याकडे गुरूपुढे आधी नमायचं, सेवा करायची, मग विचारायचं. चिनी परंपरेत तर आधी रीत, मागून भाव. तुम्ही उठून उभे राहा, हात जोडा. मनात नसेल तरी राहा. रोज उभं राहता राहता एक दिवस मनही उभं राहतं. आदर हा असा अंगवळणी पाडायचा असतो. मनात येईल तेव्हा देईन म्हणाल तर जन्मात येणार नाही!

टाळ्या. होयबाच्या सगळ्यांत शेवटपर्यंत.

मग ती उठली. म्हणाली, पश्चिमेत आदराचे दोन प्रकार मानतात आणि आपण त्यांची गल्लत करतो. एक कर्तृत्वाचा आदर. तो कमवावा लागतो, कमीजास्त होतो, जातोही. दुसरा माणूस म्हणून असलेला. तो कमवावा लागत नाही आणि कुणी काढूनही घेऊ शकत नाही. समोरच्याला स्वतःची बुद्धी आहे, तो खरं ऐकून स्वतःचं ठरवू शकतो, असं धरून त्याच्याशी वागायचं. म्हणून तिकडे खोटं बोलणं हा अनादर. भल्यासाठी बोललं तरी. कारण तुम्ही परस्पर ठरवून टाकता की या माणसाला खरं पेलणार नाही.

इथपर्यंत ठीक होतं. पोपटपंची, पण नीटनेटकी. आदराचे दोन डबे केले, झाकणं लावली, झालं तत्त्वज्ञान! पण बाई थांबतील तर ना! माझ्याकडे वळून म्हणाली, "आणि सर, पूर्वेतही हे आहेच की. त्याच चिनी परंपरेत सांगितलंय, वडील चुकत असतील तर मुलानं त्यांना हळूच सांगावं. नाही ऐकलं तर मान ठेवून पुन्हा सांगावं. तरीही नाहीच ऐकलं तर कुरकुर न करता आपलं काम करत राहावं. मला तर वाटतं, पूर्वेचा आदर पश्चिमेपेक्षा अवघड आहे."

माझ्याच अंगणात येऊन मला शहाणपण शिकवते! भर सभागृहात! मुलं टाळ्या वाजवायला लागली आणि मध्येच माझ्याकडे बघून थांबली. निदान त्यांना तरी लाज आहे.

१३ फेब्रुवारी

डोकं अजून तापलेलं. हिनं लिंबू सरबत दिलं. गोड झालं होतं. तसं सांगितलं.

१६ फेब्रुवारी

आज एक प्रकार दिसला.

मधल्या सुट्टीत ग्रंथालयाकडे निघालो होतो. जिन्याखाली अडगळीची खोली आहे, मोडकी बाकं टाकायची. तिथं माझ्या वर्गातली पोरं एकेक करून आत शिरत होती. चष्मेवाली, हाडकुळा, सगळी. मला बघितल्याबरोबर चष्मेवालीनं वही पाठीमागं घेतली. आणि दार आतून लावून घेणारी कोण? पश्चिमा! हातात जेवणाचा डबा, काखेत पुस्तकं.

अस्सं! म्हणजे सकाळी मी शिकवायचं आणि दुपारी हिनं त्यावर पाणी ओतायचं. पोरं फोडते आहे माझी. आदरावर भाषणं ठोकणाऱ्यांची ही तऱ्हा!

१७ फेब्रुवारी

आजही. दाराला कान लावला नाही. मी तसला माणूस नाही. पण आतून हसण्याचा आवाज आला. माझ्या तासाला कधी हसत नाहीत.

१९ फेब्रुवारी

होयबाला विचारलं, जिन्याखाली काय चालतं? त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला. मग म्हणाला, "आता मी काय बोलू सर. तुम्ही जाणते आहात."

म्हटलं, माझ्याविरुद्ध काही शिजतंय ना? तर खाली मान घालून, "तुम्हाला वाटतंय म्हणजे असेलच, सर."

एवढं पुरे. याच्या तोंडून याहून स्पष्ट काही निघणं म्हणजे अघटित! मी हिलाही सांगितलं. ही म्हणाली, "त्या बाईंनाच विचारा ना सरळ." बायकांना वाटतं सगळं जग म्हणजे शेजारच्या वहिनी. विभागप्रमुखानं हाताखालच्या तात्पुरत्या बाईला जाऊन विचारायचं, तुम्ही माझ्यामागं काय करता? मान राहील काय माझा?

२३ फेब्रुवारी

समिती झाली. आज मन निवलं.

आधी होयबा आत आला. काय विचारलं, काय सांगितलं, काही आठवत नाही. बसला, हसला, गेला. मग पश्चिमा. साधी साडी, केस ओले असावेत. समितीतल्या बाहेरून आलेल्या बाई आणि तो वाणिज्यवाला, दोघंही तिच्यावर खूश दिसत होते. तिचे लेख वाचून आले होते! मी सगळ्यांचं बोलणं होऊ दिलं. शेवटी घसा खाकरला आणि विचारलं —

"मधल्या सुट्टीत जिन्याखालच्या खोलीत माझ्या विद्यार्थ्यांना तुम्ही काय शिकवता? कोणाच्या परवानगीनं?"

पांढरीफटक! प्राचार्यानं टेबलावरचा कागद उचलला आणि वाचल्यासारखं करायला लागला. बाहेरच्या बाई म्हणाल्या, "सांगा ना, काय असेल ते सांगून टाका." ती माझ्याकडे बघत राहिली. सरळ डोळ्यांत, नेहमीसारखी. मला वाटलं आता "पण सर" येणार. मी तयारच होतो.

"सांगण्यासारखं काही नाही," म्हणाली. बस्स. एवढंच.

तिला पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. मग मी बोललो, आणि चांगला बोललो. म्हटलं, बुद्धी आहे, नाकारत नाही. पण पाठीमागून खणणाऱ्या माणसाला कायम करायचं म्हणजे विभागाला वाळवी लावून घ्यायची. ज्यांना वडीलधाऱ्यांचा आदर नाही त्यांनी आदर शिकवू नये. सगळे खाली बघत होते. पटलं म्हणजे माणसं अशीच खाली बघतात.

खरं तोंडावर बोलणं म्हणजे आदर, म्हणे! कुठं गेलं ते तत्त्वज्ञान? वेळ आली तेव्हा मूग गिळून बसली.

२४ फेब्रुवारी

आज जिन्याखालच्या खोलीला कुलूप. छान.

२६ फेब्रुवारी

मी विभागात एकटाच होतो. चष्मेवाली आली. दार वाजवलं नाही. बस म्हटलं तर बसली नाही.

"सर, मॅडमचं काय केलंत तुम्ही?"

ही भाषा! म्हटलं, कोणाशी बोलते आहेस? पोरगी मागे हटली नाही. "तुमच्याशीच बोलतेय, सर. मॅडमनी बोलू नका म्हणून सांगितलं होतं. आता त्या जाणारच आहेत तर मी कशाला गप्प बसू?"

मग सगळं बाहेर आलं. जसं म्हणाली तसं लिहितो. मध्ये काही घालत नाही.

या वर्षी पेपर बदलला. जूनमध्येच वर्गात लक्षात आलं की सर जुनंच शिकवतात. पोरं घाबरली. काहीजण प्राचार्यांकडे अर्ज करायला निघाले होते. पश्चिमानं अडवलं. म्हणाली, मी सरांशी बोलते. बोलली. नंतर पुन्हा बोलली. "तुम्ही म्हणालात, ठेवा तिकडे." मग तिनं स्वतःची जेवणाची सुट्टी दिली. रोज. जिन्याखाली. सकाळी मी जे शिकवतो त्याच्याऐवजी जे परीक्षेला येतं ते.

"आणि मॅडमची अट होती, सर. सकाळच्या तासाला एकानंही दांडी मारायची नाही. तुम्ही आलात की उभं राहायचं."

तीच पुढं बोलली. "उत्तरात तुमचं एखादं वाक्य घालायचं, तेही त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, सरांना बरं वाटतं. आम्ही हसलो तर रागावल्या. म्हणाल्या, हसू नका, त्यांनी मला शिकवलंय."

खरं आहे. शिकवलंय. कुठल्या वर्षी, कुठल्या बाकावर बसायची, मला आठवत नाही.

तिला म्हटलं, जा. गेली. दार उघडंच ठेवून गेली.

मग ग्लास उचलला आणि अभ्यासक्रम उघडला. वरच्या पानांना पाण्याची वर्तुळं पडून ती चिकटली होती, नखानं सोडवावी लागली. माझा पेपर काढला. एखाददुसरा मुद्दा सोडला तर त्यातलं मी काहीही शिकवलेलं नाही. काहीही नाही! निकाल सगळ्या कॉलेजात वर होता आणि तो तिचा होता.

घरी आलो. ही म्हणाली, चेहरा का असा? सांगितलं सगळं. ऐकून घेतलं तिनं. "वाईट झालं," म्हणाली. मी विचारलं, तुला माहीत होतं? "एवढं नव्हतं माहीत," म्हणाली आणि ताट घ्यायला गेली. कितपत माहीत होतं ते विचारायची हिंमत झाली नाही.

२७ फेब्रुवारी

सकाळचा तास. दारात पाऊल टाकलं. उभे राहिले. सगळे. हाडकुळा, चष्मेवालीसुद्धा! ती तर आधी उठली. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, पण उठली. मॅडमनी सांगितलंय ना.

बसा म्हणायचं असतं. ते म्हणायचंच राहिलं. आणि मी म्हटल्याशिवाय ती काही बसणार नाहीत! तशीच उभी. मीही उभा. शेवटी हातानंच खूण केली.

शरम वाटली. स्पष्ट लिहितो, शरम वाटली. साऱ्या जगाला मेंढरं म्हणत आलो आणि कळपात हाकला जात होतो मी, तेही इतक्या मायेनं की कधी कळू नये.

तास संपल्यावर पश्चिमाला गाठलं. कपाटातली पुस्तकं पिशवीत भरत होती. म्हटलं, समितीत बोलला का नाहीत? तुमचंच म्हणणं ना, खरं सांगणं म्हणजे आदर?

"तुम्हाला सांगितलं होतं, सर," म्हणाली. "त्यांना कशाला सांगायचं?"

उद्या सकाळीच प्राचार्याकडे जातो. पत्र निघायच्या आत. सगळं सांगतो, नाव घेऊन सांगतो, माझं. माझं मत शेवटचं आहे ना? मग हे घ्या शेवटचं मत.

२८ फेब्रुवारी

गेलो. मी आत शिरताच प्राचार्य उठून उभा राहिला. सगळं सांगितलं. तो शेवटी म्हणाला, "ठाऊक होतं, सर. कॉलेजात सगळ्यांनाच ठाऊक होतं. समितीतल्या दोघांनाही मी आधीच सांगून ठेवलं होतं. तिचंच नाव नक्की होतं."

मग?

"मग तुम्ही एवढं बोललात. तुमच्या शब्दाबाहेर कसं जायचं? दुसऱ्याला पत्र कालच दिलं, त्यानं सहीसुद्धा केली." आणि हात जोडून म्हणाला, "तुमचा मान राखला, सर."

मी निघालो तेव्हा तो पुन्हा उभा राहिला.